नोटशीट आणि रिसर्च पेपर

चवथीच्या आधीचा रविवार. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, बायको माटोळीच्या सामानाची यादी करत होती आणि मी पेपर चाळत सोप्यावर बसलो होतो. एवढ्यात ताईची मुलगी भिजत आली. छत्री दारात टाकली, दप्तरातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप काढला आणि चहासुद्धा न घेता माझ्यासमोर उघडून ठेवला.

"मामा, हें पळय."

आमची ही बाय वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते. विषय खाजन शेतातला कोरगुट. खारं पाणी सोसणारं हे भात आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना चांगलं ठाऊक आहे, पण ते का सोसतं आणि किती सोसतं याचा हिशेब ती करते आहे. दोन वर्षं चिखलात उभी राहून तिने एक पेपर लिहिला, एका परदेशी नियतकालिकाला पाठवला आणि तीन महिन्यांनी तो परत आला. सोबत तपासनिसाचे चार शेरे. चौथा शेरा असा होता की, हस्तलिखित एखाद्या नेटिव्ह इंग्लिश स्पीकरकडून तपासून घ्यावं.

"नेटिव्ह खंयसून हाडूं आतां?" असं म्हणाली आणि रडायलाच लागली.

मी सरकारी ऑफिसात यूडीसी. पदवी बी.ए.ची. वनस्पतिशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. तरीही ती माझ्याकडे आली, कारण आमच्या कुटुंबात 'इंग्रजी अर्ज लिहून देणारा मामा' अशी माझी ख्याती आहे. वीजबिलाची तक्रार असो की म्युटेशनचा अर्ज, सगळे माझ्याकडे येतात. पण खरं सांगतो, त्या दिवशी तो चौथा शेरा वाचून माझ्याही पोटात गोळा आला. का आला ते शेवटी सांगेन.

आपल्या पिढीतल्या बहुतेकांची भाषेची गोष्ट सारखीच असते. घरी कोकणी. गावच्या सरकारी शाळेत पहिली ते चौथी मराठी. पाचवीत हायस्कुलात गेलो की एकदम सगळं इंग्रजी. इतिहास इंग्रजीत, भूगोल इंग्रजीत, गणितसुद्धा इंग्रजीत. १९८७ साली राजभाषा कायदा झाला तेव्हा मी तिसरीत होतो. मोठी माणसं तावातावाने कोकणी-मराठी भांडत होती आणि आम्ही मुलं दोन वर्षांनी भेटणाऱ्या तिसऱ्याच भाषेची वाट बघत होतो. त्या वादात मी आज शिरत नाही. सांगायचं एवढंच की आमचं इंग्रजी पाठांतरातून आलं. "सर, मे आय कम इन" पासून निबंधापर्यंत सगळं घोकलेलं. व्याकरण यायचं, मार्क मिळायचे, पण स्वतःच्या डोक्यातलं काही त्या भाषेत मांडा असं कुणी कधी सांगितलं नाही. बायची पिढी वेगळी आहे असं मला वाटत होतं. तिचं इंग्रजी बोलणं माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे. पण कागदावर आल्यावर तिचीही तीच गत.

मी तिला म्हटलं, आधी बाकीचे तीन शेरे वाच.

"ते वाचले मी."

"पुन्हा वाच. मोठ्याने."

ऑफिसात पंचवीस वर्षं काढली की एक गोष्ट येते. साहेबाचा शेरा वाचायची. 'स्पीक' आणि 'डिस्कस' यात फरक असतो. फाइलवर चार ठिकाणी लाल शाई असली तर फाइल नक्की कशामुळे अडली आहे ते ओळखावं लागतं. बायच्या बाबतीत पहिला शेरा म्हणत होता की प्रस्तावना लांब आहे, पण आजवर काय माहीत नाही आणि हा लेख त्यात कशाची भर घालतो ते कळत नाही. दुसरा म्हणत होता की निष्कर्ष पुराव्याच्या पुढे गेले आहेत. तिसरा विचारत होता की मातीतला खारेपणा पावसाआधी मोजला की नंतर. म्हणजे पेपर अडला होता तो पहिल्या तीन शेऱ्यांवर. चौथा शेरा पायात रुतलेल्या काट्यासारखा ठसठसत होता, म्हणून तिने बाकीचे नीट वाचलेच नव्हते.

तिच्या विद्यापीठात संशोधन-लेखनाची तीन दिवसांची कार्यशाळा झाली होती. तिथले झेरॉक्स कागद तिच्या दप्तरात तसेच पडून होते. ते मी ठेवून घेतले आणि रात्री वाचत बसलो. त्यात जॉन स्वेल्स हे नाव भेटलं. हे गृहस्थ इंग्रज, पण त्यांच्या उमेदीची बरीच वर्षं लिबिया आणि सुदानमध्ये गेली, तिथल्या विद्यार्थ्यांना विज्ञानाचं इंग्रजी शिकवण्यात. पुढे बर्मिंगहॅमच्या अॅस्टन विद्यापीठात असताना, १९८१ साली, त्यांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या विषयांतले ४८ शोधनिबंध घेतले आणि त्यांच्या फक्त प्रस्तावना तपासल्या. इंग्रजी चांगलं की वाईट हे पाहिलं नाही. लेखक आधी काय करतो, मग काय करतो, कोणत्या क्रमाने करतो, हे पाहिलं. या प्रत्येक कृतीला त्यांनी 'मूव्ह' म्हटलं, म्हणजे बुद्धिबळातली चाल म्हणा. १९९० सालच्या 'जॉनर अॅनालिसिस' या पुस्तकात त्यांनी या चाली तीनवर आणल्या. पहिली, आपला प्रदेश दाखवा: हा विषय महत्त्वाचा आहे, यावर अमक्या-तमक्यांनी काम केलं आहे. दुसरी, त्या प्रदेशातली रिकामी जागा दाखवा. तिसरी, ती जागा आपण कशी भरणार ते सांगा. जगभरात हजारो शिक्षक आज हेच शिकवतात. स्वेल्स यांनी नंतर मिशिगन विद्यापीठात क्रिस्तीन फीक यांच्याबरोबर लिहिलेलं पाठ्यपुस्तक १९९४ साली आलं. ते मुख्यतः इंग्रजी मातृभाषा नसलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच होतं.

रिकाम्या जागेला त्यांनी वापरलेला शब्द 'निश'. बाय म्हणाली, हा तर आमच्या इकॉलॉजीतला शब्द. मी म्हटलं, असेल, पण त्याचा पहिला अर्थ कोनाडा. आपल्या जुन्या घरात भिंतीत पणती ठेवायला असायचा तो. तेव्हा पाहुण्याला आधी घर दाखव, मग भिंतीतला रिकामा कोनाडा दाखव, मग त्यात तुझी पणती ठेव. तुझ्या पेपरात काय झालंय, तर पाहुणा दोन पानं घरातच फिरतोय आणि पणती कुठे ते त्याला कळत नाही.

खरंच तसं होतं. पहिलं वाक्य: भात हे जगातल्या निम्म्याहून अधिक लोकांचं मुख्य अन्न आहे. मग भारतातलं भात, मग गोव्यातलं भात, मग गावकारी, बांध, मानस, खाजनाचा इतिहास. सगळं बरोबर, सगळं वाचनीय, पण तिचं स्वतःचं काम तिसऱ्या पानाच्या शेवटी एका वाक्यात.

आता गंमत अशी की ही तीन चालींची गोष्ट वाचताना मला माझे पहिले हेडक्लार्क आठवले. मी एलडीसी म्हणून लागलो तेव्हा नोटशीट लिहिता येत नव्हतं. त्यांनी मला शिकवलं. पहिल्या परिच्छेदात पीयूसी काय आहे ते सांग, कुणाचा कागद, कुठला विषय. दुसऱ्यात नियम काय आणि याआधी अशा प्रकरणात काय झालं ते सांग, फ्लॅग लावून. तिसरा परिच्छेद 'हाउएव्हर'ने सुरू कर. काय अडलंय ते तिथे येऊ दे. शेवटी प्रस्ताव. ते म्हणायचे, "फायल वयर गेली काय साहेबान एकूच विचारपाक जाय, सय खंय करूं?" म्हणजे फाइल वर गेल्यावर साहेबाला फक्त सही कुठे करू एवढंच विचारावं लागलं पाहिजे. त्यांना स्वेल्स माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पण लेखनाचा एक प्रकार असतो, त्याचा वाचक ठरलेला असतो आणि त्या वाचकाला कोणती गोष्ट कुठे सापडावी याचा एक रिवाज असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हा रिवाज कुणी आईच्या दुधाबरोबर पिऊन येत नाही. तो कुणीतरी शिकवावा लागतो.

मग आमचा रविवारचा वर्ग सुरू झाला. पाच रविवार चालला. शिकवणी म्हणावी तर मी मास्तर नव्हे. दोघंही शिकत होतो.

पहिल्या रविवारी मी लॅपटॉप बंद करायला लावला आणि म्हटलं, तू नेमकं काय केलंस ते मला कोकणीत सांग. दोन मिनिटांत तिने सांगितलं. आधीच्या लोकांनी कुंड्यांत किंवा प्रयोगशाळेत ठरावीक खारट पाण्यात रोपं वाढवून पाहिली. पण खाजनात मीठ एका जागी राहत नाही. मे महिन्यात माती खारट असते, जूनचा पाऊस ते मीठ धुऊन नेतो, मग पेरणी होते. पुढे बांध कुठे गळत असला की भरतीचं पाणी आत येतं आणि मीठ परत येतं. म्हणून तिने पेरणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला त्याच शेतात खारेपणा मोजला आणि रोपं पाहिली. असं शेतात सलग मोजलेलं तिच्या वाचनात तरी कुठे आलं नव्हतं.

ती बोलत होती आणि मी मराठीत लिहून घेत होतो. अर्धं पान झालं. तो कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, ही तुझी प्रस्तावना. हिचं इंग्रजी कर. ती बघतच राहिली. तिसऱ्या शेऱ्याचं उत्तरही त्यातच होतं. पावसाआधीही मोजलं होतं आणि नंतरही, फक्त पेपरात ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

आम्हाला शाळेत बजावलं होतं, इंग्रजीत लिहायचं तर विचारही इंग्रजीत करा. बायलाही तेच सांगितलं गेलंय. माझा अनुभव उलटा आहे. जे अजून डोक्यात नीट बसलेलं नाही ते परक्या भाषेत आणखी विसकटतं. आधी आपल्या भाषेत गाठ मारावी, मग दुसऱ्या भाषेत उचलून न्यावं. मात्र वाक्यं जशीच्या तशी उचलता येत नाहीत, तिथे दुसरा धडा सुरू होतो.

मराठीत आणि कोकणीत क्रियापद शेवटी. त्यामुळे आपण कर्त्यामागे विशेषणांची आगगाडी जोडतो आणि डबे मोजत मोजत शेवटी इंजिनाला पोचतो. वाचकाला त्रास होत नाही, सवय असते. इंग्रजीत तसं केलं की कर्ता पहिल्या ओळीत आणि क्रियापद चौथ्या ओळीत. बायचं एक वाक्य पाच ओळींचं होतं. त्याची तीन वाक्यं केली, प्रत्येकात कर्ता आणि क्रियापद शेजारी बसवले. वाचकाला आधीच माहीत झालेली गोष्ट वाक्याच्या सुरुवातीला आणि नवी गोष्ट शेवटी, एवढा एक नियम पाळला तरी परिच्छेद आपोआप साखळीसारखा जोडला जातो.

मग 'अ' आणि 'द'. आपल्या भाषेत हे नाहीतच, म्हणून आपण एक तर गाळतो किंवा मिठासारखे भुरभुरतो. त्यावर मला आजीच्या गोष्टीची युक्ती सुचली. 'एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा भेटतो तेव्हा 'एक राजा', तिथे 'अ'. दुसऱ्यांदा 'तो राजा', तिथे 'द'. सगळीकडे ही युक्ती चालत नाही, पण निम्म्या चुका गेल्या. 'इन्फर्मेशन्स' आणि 'इक्विपमेंट्स' तिने चार ठिकाणी लिहिलं होतं. म्हटलं, आपण 'माहित्या' म्हणतो का? मग? आणि 'टुडे ओन्ली', 'इन द फील्ड इटसेल्फ' हे सगळे आपल्या 'च'चे अवतार. 'शेतातच' मधला 'च' आपण इंग्रजीत पाठवतो आणि तिकडच्या वाचकाला तो कोण ते कळत नाही.

दुसऱ्या शेऱ्यावर एक अख्खा रविवार गेला. तिने लिहिलं होतं, यावरून सिद्ध होतं की कोरगुट कितीही खारेपणात तग धरतो. एक हंगाम, दोन शेतं, आणि सिद्ध! शाळेत ठासून लिहायला शिकवतात ना. मी म्हटलं, माझ्या ऑफिसात 'सिद्ध झाले' असं लिहिणारा क्लार्क दुसऱ्या दिवशी मेमो घेऊन घरी जाईल. आम्ही लिहितो, 'उपलब्ध कागदपत्रांवरून असे दिसून येते की.' इंग्रजी शास्त्रीय लेखनातल्या या बेताच्या, जपून केलेल्या विधानांवर केन हायलंड या अभ्यासकाने १९९८ साली संबंध पुस्तक लिहिलं आहे. बाय हसली; म्हणाली, म्हणजे शास्त्रज्ञसुद्धा क्लार्कासारखेच अंग राखून लिहितात. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण रात्री विचार केला तेव्हा फरक कळला. मी 'असे दिसून येते' लिहितो ते उद्या चौकशी लागली तर माझं अंग वाचावं म्हणून. तिने 'या दोन शेतांत, या एका हंगामात असे दिसले' लिहायचं ते पुराव्याची खरी लांबी-रुंदी वाचकाला कळावी म्हणून. शब्द तेच, पण मी लपायला वापरतो आणि तिने उघड करायला वापरायचे. पंचवीस वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

नकलेच्या बाबतीत तर माझं ऑफिस पार उलट्या टोकाला. आमच्याकडे जुनी फाइल काढून तिच्यातला मसुदा जसाच्या तसा उतरवणारा माणूस हुशार. प्रिसिडेंट म्हणतात त्याला. बायच्या दुनियेत तेच वाङ्मयचौर्य. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ सालचे नियम तिने मला दाखवले. १० टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर प्रबंध सादर करायला बंदी, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. ज्याला स्वतःचं वाक्य लिहायची भीती वाटते तो दुसऱ्याचं वाक्य घेतो, त्यातले दोन शब्द बदलतो आणि नकळत या जाळ्यात सापडतो. चोरीचा हेतू नसतो. भाषेचा धाक असतो. तिच्या प्रस्तावनेतही असे दोन तुकडे निघाले. मग आम्ही दोन ढीग केले. 'या लेखाचा उद्देश असा की', 'याउलट', 'यावर फारसे काम झालेले नाही' अशी वाक्यांची चौकट कुणाच्या मालकीची नसते, जशी आमची 'विषयांकित प्रकरणी'. मँचेस्टर विद्यापीठाने अशा चौकटींचा संग्रहच सर्वांसाठी खुला ठेवला आहे. ती खुशाल घ्यावी. पण चौकटीतलं चित्र दुसऱ्याचं असेल तर त्याचं नाव लिहावं, आणि त्याचं लेखन समोरून बाजूला ठेवून मगच आपल्या शब्दांत सांगावं.

तुम्ही म्हणाल, आता एवढा खटाटोप कशाला, यंत्राकडे टाकलं की दोन मिनिटांत इंग्रजी सुधारून मिळतं. बायनेही टाकून पाहिलं. आर्टिकलं नीट लागली, वाक्यं गुळगुळीत झाली. पण पहिल्या तीन शेऱ्यांना उत्तर मिळालं नाही, कारण ते उत्तर तिच्या मोजणीच्या वहीत होतं. यंत्राने उलट 'असे दिसते' काढून 'स्पष्टपणे दाखवते' घातलं. २०२३ पासून अनेक नियतकालिकं असा वापर केला असेल तर तो कळवा असंही म्हणतात. तिने वापरलं तेवढं कळवलं.

आता त्या 'नेटिव्ह'बद्दल. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅप्लान यांनी १९६६ साली एका लेखात रेघोट्या काढून दाखवलं होतं की इंग्रजी परिच्छेद सरळ रेषेत जातो आणि पौर्वात्यांचा भोवऱ्यासारखा गोल फिरतो. त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि त्यांनी स्वतःही आपलं म्हणणं सौम्य केलं. मला ते वाचून आपलं कीर्तन आठवलं. बुवा पूर्वरंगात पद घेतात, निरूपण करता करता कुठल्या कुठे जातात, उत्तररंगात आख्यान लावतात आणि शेवटी बरोब्बर मूळ पदावर येऊन उभे राहतात. ते भरकटत नाहीत. देवळाच्या चौकात रात्रभर बसलेल्या श्रोत्यांसाठी ती बांधणी आहे. दिवसाला दहा पेपर चाळणाऱ्या माणसासाठी दुसरी बांधणी लागते. ते रक्तात नसतं, श्रोता बदलला की बदलतं.

आणि उलटं उदाहरण तर आपल्या गोव्यातच आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडात जन्मलेला माणूस. १५७९ साली गोव्यात आला, इथल्या भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' मराठीत रचलं. रायतूरला ते १६१६ साली छापलं गेलं, रोमी लिपीत. आपल्या धर्माची गोष्ट सांगायला त्याने ओवी आणि पुराण हा इथला साचा घेतला, कारण ऐकणाऱ्यांना तो ओळखीचा होता. मराठीचा तो 'नेटिव्ह' नव्हता. पण साहित्याच्या इतिहासातून त्याला कुणी त्या कारणाने वगळलं नाही.

सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले ते 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनासाठी. शालेय शिक्षण जेमतेम, पाली शिकायला घरदार सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेलेला हा माणूस. ग्रंथावर नाव कुणाचं आणि कसं यावरून मतभेद झाले, १९१२ साली ते परत आले, पुढे पुन्हा गेले. ग्रंथ हार्वर्डच्या मालिकेत छापून आला १९५० साली. धर्मानंद १९४७ सालीच गेले होते. भाषेची कुंपणं असतात आणि ती ओलांडणाऱ्याला किंमत द्यावी लागते, हे खोटं नाही. मी बायला गोड गोड सांगितलं नाही. इंग्रजी घरात असलेल्या मुलापेक्षा तुला दुप्पट वेळ लागेल, हे अन्यायाचंच आहे, हेही सांगितलं. पण बूर्दिये आणि पासरों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी फार पूर्वी म्हणून ठेवलंय की विद्यापीठातली भाषा ही कुणाचीच मातृभाषा नसते, शिकल्या-सवरल्यांच्या मुलांचीसुद्धा नाही. लंडनच्या पोरालाही पेपर लिहायला शिकावंच लागतं.

पेपर दिवाळीआधी परत गेला. जानेवारीत उत्तर आलं. किरकोळ दुरुस्त्या करून स्वीकारू, असं. गंमत म्हणजे शेवटी एक ओळ होतीच, इंग्रजी थोडं अजून घासावं म्हणून. या खेपेला बाय हसली. "मामा, चवथो शेरो परत आयला," म्हणाली आणि दुरुस्त्या करायला बसली.

आता माझ्या पोटातल्या गोळ्याबद्दल.

बी.ए. झाल्यावर मी इतिहासात एम.ए.ला नाव घातलं होतं. लघुप्रबंधाला विषय घेतला गावच्या उत्सवी नाटकांचा. आजोबा स्त्रीपार्टी होते. त्यांच्या नकलांच्या वह्या, जुन्या हस्तपत्रिका, कुणी किती पट्टी दिली त्याचे हिशेब, सगळं आमच्या माळ्यावर होतं. साठ पानं इंग्रजीत लिहिली. मार्गदर्शकांनी ती परत दिली, पहिल्याच पानावर लाल शाईने 'पुअर इंग्लिश' असं लिहून. मी घरी आलो, कागद ट्रंकेत टाकले आणि पुढच्या महिन्यात एलडीसीच्या परीक्षेचा फॉर्म भरला. तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो, इंग्रजीने घात केला.

बायचं पत्र आलं त्या रात्री मी ट्रंक उघडली. पंचवीस वर्षांनी ती पानं पहिल्यांदा पाहिली. लाल शाई फक्त पहिल्या पानावर होती. आत पेन्सिलीने, बारीक अक्षरात, बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं होतं. अकराव्या पानावर: हा हिशेब कुठल्या वर्षीचा? चोविसाव्यावर: हे फार मोलाचं आहे, इथे आधी का नाही आणलं? एकेचाळिसाव्यावर: बायका प्रेक्षकांत कुठे बसत, विचारलं का? अशी सतरा टिपणं मोजली. मी तेव्हा पहिल्या पानाच्या पुढे गेलोच नव्हतो.

मार्गदर्शकांवर सगळं ढकलता येत नाही आता. पण सगळं माझ्यावरही घेत नाही. लाल शाई मोठी आणि पेन्सिल बारीक, हे त्यांनी केलं. बावीस वर्षांच्या पोराला समोर बसवून दोन मिनिटं कोकणीत विचारलं असतं, तू नेमकं काय केलंस रे, तर कदाचित वेगळं झालं असतं. कदाचित. पुराव्याच्या पुढे जात नाही.

बायकांच्या बसण्याचं विचारायला आजोबा आता नाहीत. त्यांच्या बरोबरचे एक जण आहेत, नव्वदीचे, गावीच असतात. कान गेलेत, पण आठवण शाबूत आहे म्हणतात. पुढच्या रविवारी जाऊन येतो. बाय म्हणाली मीही येते, तू विचार, मी लिहून घेते.